ओढ्यापलीकडची सतरा घरं

पहिल्यांदा पिंकीनं जेवणाच्या टेबलावर फाशांची पिशवी उपडी केली, तेव्हा माझ्या हातातला कप सुटता सुटता राहिला. रविवारची सकाळ, टेबलाभोवती चार कमावती माणसं, आणि मधे लाल, हिरवे, जांभळे फासे. एकाला तर वीस तोंडं! म्हटलं, संपलं सगळं. बाळंतपणाच्या दवाखान्यात तीस वर्षं आयाचं काम करून ज्या नातीला शिकवलं, तिनं आपल्या हैदराबादेतल्या, नारायणगुड्याच्या घरात जुगाराचा अड्डा मांडला.

"जुगार नाही गं, आजी," पिंकी म्हणाली. "खेळ आहे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. भिंत चढता आली का, वाघ मारता आला का, ते फासा ठरवतो. पैसे-बिसे काही नाहीत. हरलं तर फक्त आपला माणूस मरतो."

"फक्त!" मी म्हटलं.

त्याला आता दहा वर्षं झाली. या दहा वर्षांत मी स्वतः अकरा वेळा मेले आहे, एकदा तर उकळत्या तेलात पडून. पण तो किस्सा नंतर कधीतरी. मला पिंकीबद्दल सांगायचं आहे.

पिंकी माझ्या मुलाची, नागोरावची थोरली. शाळेच्या दाखल्यावरही नाव पिंकीच, कारण नाव घालायला गेलेल्या बापाला ऐन वेळी दुसरं काही सुचलं नाही. आता एकतीस वर्षांची आहे. नागोराव रेल्वेत, बदलीच्या गावी; सून त्याच्याबरोबर. पिंकी माझ्याजवळ राहते आणि एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते. लहानपणापासून अबोल. पाहुणे आले की ही कोपऱ्यात अशी बसायची की एकदा माझ्या नणंदेनं तिच्या अंगावर शालच ठेवली, खुर्ची समजून.

तिला बोलतं केलं हर्षवर्धननं. कॉलेजात तिच्या दोन वर्षं पुढं होता. त्यांची शेतीवाडी आमच्याच बाजूची, नांदेडकडची, मांजरा नदीच्या अंगाची. पण आजोबा हिम्मतरावांपासून सगळे हैदराबादेत. आबिड्सला एका दुकानाच्या माडीवर त्याचा हा खेळ चालायचा. पिंकी तीन रविवार नुसती बघत बसली. चौथ्या रविवारी त्यानं गोष्ट मधेच थांबवली, तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "पुढं नदी आहे, मागं लांडगे. पिंकी, आता तू काय करतेस?"

हे तिनं घरी येऊन मला तीनदा सांगितलं. लांडग्यांचं नव्हे, विचारल्याचं. "आजी, सगळे थांबले होते. मी काय म्हणते ते ऐकायला!"

त्या दिवसापासून हर्षवर्धनचं माझ्या घरी ताट ठरलेलं. रविवारी ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. दोन खायचा आणि मग लाडात येऊन म्हणायचा, "आजी, और एक." आमच्या घरात पाय आखडून बसला नाही कधी, की माठातलं पाणी घेताना थबकला नाही. असली माणसं मी मोजक्यांत मोजते.

आता या खेळाचं असं आहे. त्याचं एक मूळ पुस्तक असतं, ते खेळणाऱ्या सगळ्यांकडे असतं. त्यावर मग पुरवण्या निघतात. एकीत नवं शहर, एकीत नवी भुतं, एकीत नुसती गलबतं. मूळ पुस्तक म्हणजे भात, आणि पुरवणी म्हणजे त्यावर काय वाढायचं ते. महिन्याला ढिगानं निघतात आणि मुखपृष्ठं अशी झगझगीत की कुणीही फसावं. मग या शहरातले खेळणारे पिंकीला विचारतात. त्यांचा फोनवर ग्रुप आहे, दोन-अडीचशे माणसांचा. पिंकी पुस्तक खेळून बघते आणि रविवारी संध्याकाळी पाचला तिथं लिहिते: घ्या, किंवा घेऊ नका. पुढं कारण चार ओळींत. सुलतान बाजारात दिलीप म्हणून आहे, परीक्षांची गाइडं विकतो; त्याच्या दुकानात मागच्या बाजूला या पुस्तकांचा एक कप्पा आहे. दिलीप पिंकीचा शब्द आल्याशिवाय एक प्रत मागवत नाही.

आणि पिंकी पुस्तक कुणावर तपासते? माझ्यावर. रक्ताला जशी काच, तशी पुस्तकाला मी.

मला इंग्रजी येत नाही. मराठीही तिसरीपर्यंतचं. पिंकी वाचते आणि आपल्या भाषेत सांगते. मी गोष्टीत गंगू नावाची सुईण असते, कारण मला दुसरं काही होता येत नाही. तलवार घेऊन मी काय करू? गंगू जिथं जाईल तिथं मला जे सुचतं ते विचारते. पाणी कुठलं पितात? मोरी कुठं आहे? या गढीत बाळंतीण कुठं निजवतात? पुस्तकाला उत्तर देता आलं, किंवा निदान पिंकीला त्यातून उत्तर काढता आलं, तर ते पुस्तक जिवंत.

एकदा बंगळूरच्या एका माणसाचं जाडजूड पुस्तक आलं. चाळीस दालनांचा राजवाडा, सोनेरी कडा. मी विचारलं, "स्वयंपाकघर कुठंय?" पिंकीनं पुढून मागून पुस्तक चाळलं. नव्हतं! चाळीस दालनं, तीनशे शिपाई आणि चूल नाही. पिंकीनं लिहिलं, घेऊ नका, इथली माणसं उपाशी आहेत. त्या माणसानं म्हणे रागानं भलंमोठं पत्र लिहिलं. दुसऱ्या खेपेला शाळेच्या वहीसारखं एक पातळ पुस्तक आलं, नुसत्या मासळीबाजाराचं. त्यात मी एका कोळणीशी दोन तास भाव केला आणि शेवटी ती तिच्या सुनेबद्दल रडायला लागली. पिंकीनं लिहिलं, घ्या. दिलीपकडची सगळी पुस्तकं आठवड्यात संपली.

पिंकी कुणाची भीड धरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तोवर भीड धरावी असं कुणी समोर आलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात हर्षवर्धन आला तो एक पुस्तक छातीशी धरून. त्यानं लिहिलेलं. त्यासाठी त्यानं चांगली नोकरी सोडली होती, मला तेव्हाच कळलं आणि मी कपाळावर हात मारला. नमुन्याच्या दहा प्रतीच काढल्या होत्या. बाकीच्या सोमवारी छापायला जाणार होत्या, आणि किती छापायच्या ते दिलीपच्या मागणीवर. म्हणजे पिंकीच्या शब्दावर.

"तू तपास," तो तिला म्हणाला. "माझं म्हणून सोडू नको."

"नाही सोडणार," पिंकी म्हणाली, पण हसत होती.

"आणि आजी, हे बघा." त्यानं पहिलं पान उघडून माझ्यापुढं धरलं. कोऱ्या पानावर मधे एकच ओळ. इंग्रजीत होती, म्हणून पिंकीनं बोट ठेवून वाचली: विमलाआजींना, ज्यांनी मला हलगी ऐकवली.

माझं नाव! छापलेलं! रेशनकार्डावर सोडून मी ते कुठं पाहिलं नव्हतं. मी त्या ओळीवरून बोट फिरवलं, मग पदरानं पान पुसलं, काही लागलं नसताना. त्या दिवशी त्याला मागायच्या आत तिसरी भाकरी वाढली.

हलगीचं खरं होतं. चार-पाच वर्षांपूर्वी एकदा तो जेवून बसला असताना मी गावाकडच्या गमती सांगत होते. माझे वडील, उमाजी, गावचे येसकर. म्हणजे गावकीचं काम: दवंडी द्यायची, सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. मी स्टीलच्या डब्याच्या झाकणावर बाबांची हलगी वाजवून दाखवली होती. तीन सावकाश थापा, दोन घाईच्या. म्हटलं होतं, "ही थाप आली की गाव नुसतं थरथरायचं बघ!" आणि आमची सावली पडली की लोक घरी जाऊन कसे डोक्यावरून पाणी घ्यायचे, त्यांच्या त्या तारांबळीची नक्कल करून दाखवली होती. पिंकी लॅबमध्ये होती त्या दिवशी. तो पोट धरून हसला होता. मीसुद्धा.

रविवारी दुपारी बसलो. पिंकी, मी आणि तिच्या लॅबमधला ओमकार, जो प्रत्येक गोष्टीत तिरंदाज असतो आणि प्रत्येक गोष्टीत बाण विसरतो. पुस्तक लिहिणाऱ्यानं तपासणीच्या वेळी घरात थांबायचं नाही, हा पिंकीचा नियम. म्हणून हर्षवर्धन सुलतान बाजारात दिलीपकडे जाऊन बसला होता.

सुरुवात छान होती, खोटं कशाला बोलू. नदीकाठचं गाव, चिंचा, पार, गावच्या पाटलाकडची मेजवानी. मी स्वयंपाकघर विचारलं, तर होतं. चुलीवर काय शिजतंय तेही लिहिलेलं होतं. मी मनात म्हटलं, शाबास, माझ्या घरी जेवल्याचा गुण. मग पिंकी वाचायला लागली.

"ओढ्यापलीकडून हलगी ऐकू येते. तीन सावकाश, दोन घाईच्या. पाटलाचा चेहरा पांढरा पडतो. सगळे दारं लावून घेतात."

"का?" ओमकारनं विचारलं.

"पलीकडे ते राहतात. ओढ्यापलीकडचे. राखेच्या रंगाचे. मेलेली जनावरं ओढून नेतात आणि…" पिंकीचा आवाज बारीक झाला. "आणि खातात. त्यांची सावली तुमच्यावर पडली, तर तुमची ताकद निम्मी होते. आंघोळ केल्याशिवाय परत येत नाही."

ओमकार बिचारा फासा घेऊन तयार होता. पिंकी थांबली होती. पुस्तकातून डोकं वर काढत नव्हती.

मला आधी कळलंच नाही. खरंच. दोन क्षण मीसुद्धा गंगूच्या जागी दाराआड उभी होते, पाटलाच्या घरात, त्या पलीकडच्यांना भिऊन. आणि मग जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं झालं. ते माझंच घर होतं. हलगी बाबांची होती. सावली माझी होती. नऊ वर्षांच्या पोरीची.

"किती जण आहेत पलीकडे?" मी विचारलं.

"वीस-पंचवीस."

"नावं काय त्यांची?"

पिंकीनं पान उलटलं. परत उलटलं. "नावं नाहीत, आजी. किती घाव घातल्यावर मरतात, तेवढं आहे."

पाटलाच्या कुत्र्याला नाव होतं त्या पुस्तकात. मोती.

"बरं," मी म्हटलं, "गंगू ओढा ओलांडते."

"आजी, राहू दे. थांबू या."

"थांबायचं कशाला? तपासायला बसलोय ना? गंगू ओढा ओलांडते, पहिल्या घराशी उंबऱ्यावर बसते आणि प्यायला पाणी मागते. काय लिहिलंय?"

"ते अंगावर येतात." पिंकी ओळीवर बोट ठेवून वाचत होती. "ते टाळायचं तर फासा टाकायचा. पंधराच्या वर."

"पाणी मागायला फासा कशाला?"

ओमकारनं हातातला फासा हळूच पिशवीत ठेवला. तो तेलुगू घरातला, त्याला सगळं कळलं असेल-नसेल. पण माझ्या तोंडाकडे बघून त्यालाही धक्का बसला होता. पिंकीनं पुस्तक मिटलं. "ते पाणी देतात," ती म्हणाली. "तांब्या घासून देतात."

मग ती उठून गॅलरीत गेली. मी मागोमाग.

"मी ‘घेऊ नका’ लिहिणार," ती म्हणाली.

आणि इथं मी काय केलं ते सांगते, कारण त्याची मला लाज वाटते. मी म्हटलं, "अगं, पोरानं नोकरी सोडलीय. दोन ओळी बऱ्या लिही. चिंचा छान आहेत म्हण. स्वयंपाकघर आहे म्हण."

पिंकी माझ्याकडे बघतच राहिली. असं तिनं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"आजी, राजवाड्यात चूल नव्हती म्हणून आपण एका माणसाचं अख्खं पुस्तक पाडलं. तेव्हा तुलाच घाई झाली होती ते सांगायची. आणि इथं तुझा बाप भूत झाला, तर मी चिंचा छान आहेत म्हणू?"

"त्याला माहीत नव्हतं."

"मग कळू दे."

"तो तुला भावासारखा आहे गं. त्यानं तुला पहिल्यांदा विचारलं…"

"म्हणूनच आधी त्याच्या तोंडावर सांगणार. ग्रुपवर नंतर." ती रडत होती, पण आवाज पक्का होता. "चल. पायात घाल."

ऑटोत बसून सुलतान बाजार गाठला. रविवार असूनही गर्दी, कापडाच्या दुकानांपुढं पाय ठेवायला जागा नाही. पिंकीनं माझा हात असा धरला होता की बांगडी रुतली. दिलीपच्या दुकानात हर्षवर्धन स्टुलावर बसलेला; पुढं बिस्किटांचा पुडा, चहाचे चार कप मागवून ठेवलेले. आम्हाला बघून उठलाच.

"आजी आल्या! म्हणजे आवडलं!"

दिलीपही हसला. "मी बोललो ना, टेन्शन नक्को. किती मागवू, पिंकीताई?"

"घेऊ नका," पिंकी म्हणाली.

दिलीपला वाटलं थट्टा. हर्षवर्धनलाही वाटलं. दोघं हसले आणि मग हळूहळू त्यांचं हसू ओसरलं. दवाखान्यात मला कितीदा तरी वाईट बातमी सांगावी लागली आहे; ती ऐकताना घरच्यांचे व्हायचे, तसे चेहरे.

"का?" त्यानं विचारलं.

"ओढ्यापलीकडे कोण राहतं, हर्षा?"

"भुतं. म्हणजे… आजींनीच तर सांगितलं होतं." तो माझ्याकडे वळला. "आजी, तुम्हीच नाही का वाजवून दाखवलं? गाव थरथरायचं म्हणून? सावलीचं? मी रेकॉर्डच केलं होतं. दहा वेळा ऐकलं."

"हो, मीच सांगितलं," मी म्हटलं. "अर्धं."

आणि हे खरं होतं. मला एक खोड आहे. हसण्यासारखं तेवढं सांगायचं आणि बाकीचं गिळायचं. जेवलेल्या माणसापुढं रडगाणं कशाला, असं वाटतं. शिवाय तो आमच्याच बाजूचा, मांजरेकाठचा. मला वाटलं, उरलेलं त्याला माहीत असणारच, घरून. आणि त्याच्या घरी तर कुणी चकार शब्द काढला नव्हता. ओढ्यापलीकडे कुणी राहत होतं हेच त्याला हिम्मतरावांनी सांगितलं नव्हतं. मग माझी नक्कल आणि त्यांचं गप्प राहणं मिळून त्याला जे दिसलं, ते त्यानं लिहिलं.

दिलीपच्या गल्ल्यापाशी गाइडांचं खोकं होतं. मी त्यावर वाजवलं. तीन सावकाश, दोन घाईच्या.

"ही थाप कशाची, सांगू? पाणी आल्याची. आमची घरं खालच्या अंगाला, म्हणून ओढा चढला की पहिल्यांदा आमच्यात शिरायचा. भल्या पहाटे आईनं आम्हाला बाभळीच्या टेकाडावर नेलं आणि बाबा हलगी घेऊन पाण्यात उतरले. गाव उठेपर्यंत वाजवायची, हे काम त्यांचं. छातीइतकं पाणी झालं तरी हलगी डोक्यावर धरून वाजवत होते. गाव उठलं. सगळे वर गेले, ढोरंसुद्धा. थरथरलं म्हटलं ते त्या पाण्याला भिऊन. दुसऱ्या दिवशी आमच्या भिंती नव्हत्या, आणि बाबांना पाटलाच्या ओसरीखाली उभं करून दोन भाकरी दिल्या. वरून टाकल्या. सावली पडू नये म्हणून."

रस्त्यावर हॉर्न वाजत होते. चहावर साय धरली.

"पुढच्या साली आम्ही धम्माची दीक्षा घेतली. बाबांनी हलगी त्याच ओढ्यात सोडून दिली. ती मी तुझ्यासाठी झाकणावर वाजवली, पोरा. मला वाटलं, गंमत."

हर्षवर्धन म्हणाला, "मला माहीत नव्हतं, आजी. शपथ."

"ते मला माहीत आहे."

"तुमचं नाव घातलं मी पहिल्या पानावर." हे तो मला नव्हे, स्वतःलाच सांगत होता. आणि सांगता सांगता त्याला त्याचा अर्थ कळला असावा, कारण तो स्टुलावर मटकन बसला.

"उद्या छापायला जाणार," दिलीप खालच्या आवाजात म्हणाला.

पिंकी त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या हातात फोन होता. तिला बोलायला शिकवणारा तो माणूस खाली मान घालून बसला होता, आणि तिनं त्याला तेच विचारलं जे त्यानं तिला विचारलं होतं.

"हर्षा, आता तू काय करतोस?"

त्यानं भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "पाच वाजलेत. लिही." आणि पुस्तक उचलून, आमच्याकडे न बघता गर्दीत निघून गेला. पिंकीनं तिथंच उभ्या उभ्या लिहिलं. घेऊ नका. कारणाच्या चार ओळी तिनं त्या दिवशी लिहिल्या नाहीत. एकच लिहिली: पलीकडच्या माणसांना नावं नाहीत.

त्यानंतर रविवार आले आणि गेले. तिसऱ्या भाकरीचं पीठ उरायचं. पिंकी परत खुर्चीसारखी बसायला लागली. मी एकदा म्हटलं, "फोन कर." तर म्हणाली, "त्याची पाळी आहे, आजी. खेळात दुसऱ्याची पाळी घ्यायची नसते."

पाचव्या रविवारी दार वाजलं. हर्षवर्धन होता. चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभा. दाढी वाढलेली, हातात वही. छापणं रद्द केल्याचं आम्हाला दिलीपकडून कळलं होतं. "आजी," तो म्हणाला, "पलीकडे किती घरं होती?"

"सतरा."

"सांगाल?"

"आत ये."

"नको. तपासल्याशिवाय नाही."

उंबऱ्याच्या त्या बाजूला बसून त्यानं सतरा घरं लिहून घेतली. घरात कोण, कुणाची शेळी, कोण चांगलं गायचं, कुणाची सून पळून गेली. तीन रविवार आला, तीन रविवार बाहेरच बसला. मी पाणी दिलं ते प्यायला, जेवला मात्र नाही. हसण्यासारखं सांगितलं आणि गिळलेलंही सांगितलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गिळलेलं बाहेर काढणं हे उकळत्या तेलात पडण्यापेक्षा काही कमी नाही.

मग एके सकाळी टाचणी मारलेले कागद पिंकीच्या हातात देऊन तो जिन्यात जाऊन बसला. पिंकी, ओमकार, मी टेबलाशी. मी ठरवलं होतं, त्याला एवढीसुद्धा सवलत द्यायची नाही.

पिंकीनं वाचायला सुरुवात केली. "ओढ्याला पाणी चढतंय. मधोमध छातीइतक्या पाण्यात एक माणूस हलगी वाजवतोय. मागं सतरा घरं, पाणी शिरलेली. पुढं गाव, झोपलेलं. आजी, आता तू काय करतेस?"

"मी गावात पळतो! लोकांना उठवतो!" ओमकार म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. कुणीही हेच करेल. गोष्टी तशाच असतात. गाव वाचलं की संपल्या.

"गंगू आधी त्याला पाण्यातून बाहेर काढते," मी म्हटलं. "गावाचं नंतर बघू."

मुद्दाम म्हटलं. राजवाड्यात चूल विचारल्यासारखं. म्हटलं, हे काही त्यानं लिहिलेलं नसणार. कुणालाच सुचलं नव्हतं, अडुसष्ट-एकोणसत्तर वर्षं, टेकाडावरच्या त्या पोरीला सोडून.

पिंकीनं पान उलटलं.

"नाही ना?" मी विचारलं.

"आहे."

"काय आहे?"

"‘कुणी आधी वाजवणाऱ्याला बाहेर काढलं,’" ती एकेक शब्द वाचत होती, "‘तर फासा टाकायला लावू नका. तो कुडकुडत असतो, तरी त्याचे हात थांबत नाहीत. अंगावर कुणी घोंगडी टाकली तरच थांबतात. मग तो आपलं नाव सांगतो.’" तिनं डोळे पुसले. "आजी, घोंगडी टाकतेस?"

"हे काय विचारणं झालं?"

"उमाजी," पिंकीनं वाचलं.

मला वाटतं मी काहीतरी बोलले. ओमकार म्हणतो, काहीच बोलले नाही, टेबलावर बोटं वाजवत बसले होते. तीन सावकाश, दोन घाईच्या. पिंकीनं फोन घेतला. पाच वाजायला अजून सहा तास होते. दहा वर्षांत तिनं कधी घाई केली नव्हती. एकच शब्द लिहिला असावा, कारण लगेच दिलीपचा फोन आला आणि तो इतक्या जोरात ओरडला की मलाही ऐकू गेलं. "किती मागवू?"

मी उठले. दार उघडलं. जिन्यातला माणूस धडपडून उभा राहिला, आणि त्याच्या तोंडावर एकच प्रश्न, घ्या की घेऊ नका.

"चपला काढ आणि आत ये," मी म्हटलं. "भाकरी दोनच वाढणार. तिसरी हवी असेल तर फासा टाकावा लागेल. पंधराच्या वर."